उसनं नाक

लोक शेजारी साखर मागायला येतात, आमचे अप्पा वास मागायला येतात. संध्याकाळी दारात उभे राहून म्हणणार, "वहिनी, काय रांधं आज? कसा वास येस?" मी नुसतं "चांगला" म्हटलं तर पटत नाही. "चांगला म्हंजे कसा?" मग मी कढई ढवळत सांगायचं, की लसूण जरा जास्त तडतडलाय, खोबरं खरपूस भाजलंय, वर मिरचीचा ठसका आहे. अप्पा डोळे मिटून ऐकतात आणि तृप्त होऊन घरी जातात.

अप्पा मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत उधन्याला नळांवर क्रोमची चकाकी चढवायच्या कारखान्यात वर्षानुवर्षं ॲसिडच्या टाकीवर उभे. तिथल्या वाफेनं आधी नाक वाहायला लागलं, मग रक्त येऊ लागलं, मग वास गेला आणि शेवटी नाकाच्या आतल्या पडद्याला आरपार भोक पडलं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बायको, आक्का, रडल्या. अप्पा म्हणाले, दोन खोल्यांमधली भिंत पडून एक हॉल झाला, भाडं तेवढंच.

कारखान्यात मास्क आहेत, पण ते कपाटात असतात. तपासणीला साहेब येणार असला की बाहेर निघतात. एरवी शेठ रोज गुळाचा खडा देतो. गुळानं वाफ पोटातून उतरते, असं त्याचं शास्त्र. अप्पा तो खडा गल्लीतल्या पोरांना वाटतात, त्यामुळे आमच्या गल्लीत एकाही पोराला क्रोमची बाधा व्हायची नाही.

एकदा आक्का गावाला गेल्या असताना अप्पांनी आंबलेली डाळ दोन वेळा चवीनं खाल्ली आणि उरलेली मला आग्रहानं आणून दिली. तेव्हापासून त्यांच्या घरचं दूधसुद्धा माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय तापत नाही.

या माणसाला गप्प झालेलं मी एकदाच पाहिलं. त्यांचा मुलगा भूषण कापडाच्या लूमवर होता, ते खातं बंद पडलं. घरात त्याची तान्ही मुलगी. तेवढ्यात टाकीवर जागा रिकामी झाली, पगार बरा, आणि सोमवारपासून येतो म्हणून भूषणनं शेठला परस्पर सांगून टाकलं. अप्पांनी परोपरीनं समजावलं. भूषण म्हणाला, तुम्ही काढलंच ना आयुष्य तिथे. पुढे दोन दिवस अप्पा आमच्याकडे वास मागायलाही फिरकले नाहीत.

रविवारी सकाळी न्हाऊमाखू घातलेली नात घेऊन ते आले. तिच्या टाळूचा वास कसा येतो, ते त्यांना हवं होतं. मी हुंगलं. दूध, तेल, धुरी एवढं सांगता आलं, पण तो वास काही त्यात मावेना, आणि मी तसं कबूल केलं. एवढ्यात मुलीला न्यायला भूषण आला. अप्पांनी तिला त्याच्या नाकाशी धरलं.

"हुंग," ते म्हणाले. "तू जलमना तवय मी टाकीवरच व्हतू. तुना वास माले कधी उनाच नही."

भूषणनं मुलीच्या डोक्याला नाक लावलं.

सोमवारी तो कामरेजला टेम्पोवर कामाला गेला, कमी पगारावर. अप्पा मात्र डबा घेऊन टाकीवरच गेले. भूषणच्या कमाईत जे कमी पडणार, त्यासाठी त्यांनी शेठकडून जादा पाळी मागून घेतली होती. जाताना माझ्या दाराशी थांबले नाहीत, नुसता हात केला. मला त्यांचा फार राग आला, आणि रडूही आलं.