ऑरिन स्ट्राऊड, दोन पायांचा आणि चार पायांचा

माणसाला कसं पटवायचं, हे मला उपजतच कळतं. मी शाळेची बस चालवतो म्हणून हे म्हणत नाही. बसभर पोरांना गप्प बसवण्यात कसली आलीय कला, नुसता ब्रेक जोरात दाबायचा. मी म्हणतोय ते मिस्टर स्ट्राऊड यांच्याबद्दल. आमच्या खोऱ्यात या गृहस्थांना आजवर कुणी काहीही पटवू शकलेलं नाही. दंतवैद्याने दाढ काढायला सांगितली, तर त्यांनी दंतवैद्य काढला. गावात तो एकच होता.

तर या मिस्टर स्ट्राऊड यांच्या जमिनीवर एक झरा आहे. नेवाडाच्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यात पाणी म्हणजे तेवढंच. त्यांच्या गायी तिथे पितात आणि रानघोड्यांचा कळपही पितो. मी सुट्टीच्या दिवशी त्या घोड्यांच्या मागे असतो. एकाच कळपाचे चारही ऋतूंतले फोटो काढायचे, असा माझा बेत होता. आणि नेमक्या त्याच वर्षी, बर्फ वितळता वितळता, मिस्टर स्ट्राऊड यांनी काटेरी तारेची भेंडोळी आणून गोठ्यात रचली. झऱ्याला कुंपण घालायचं होतं.

"गायी माझ्या, पाणी माझं," ते म्हणाले. "घोडे कुणाचे?"

कुणाचेच नाहीत, हे खरं उत्तर होतं आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. कुंपण पडलं असतं, तर श्रावणा-भाद्रपदाच्या सुमाराला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन भट्टीच्या दिवसांत, अख्खा कळप तहानेने मेला असता. म्हणून मी माझी कला बाहेर काढली.

आमच्याकडे रानघोड्यांना नावं ठेवायची पद्धत आहे, म्हणजे चांगल्या अर्थाने. ज्याने घोड्याचा पहिला फोटो काढला, त्याने नाव द्यायचं. एकदा दिलेलं नाव बदलत नाहीत, मग काहीही होवो. बस्टर हे पुरुषाचं नाव, पण आमच्या कळपातल्या बस्टरला आतापर्यंत तीन शिंगरं झाली आहेत.

मी कळपातल्या सगळ्यांत रुबाबदार, काळ्या आयाळीच्या तांबड्या कुमैत घोड्याचं नाव ठेवलं ऑरिन, आणि त्याच्या लाडक्या घोडीचं नाव व्हेल्डा. ऑरिन हे मिस्टर स्ट्राऊड यांचं नाव, व्हेल्डा हे मिसेस स्ट्राऊड यांचं. दोघे हिरव्यागार गवतात मानेला मान घासत उभे होते, तो फोटो मोठा करून मी स्ट्राऊडांच्या घरी नेला. मिस्टर स्ट्राऊड यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, मग आरशापाशी नेऊन पाहिला.

"नाक बरोबर आलंय," ते म्हणाले.

तारेची भेंडोळी गोठ्यातच राहिली. पुढे तर ते रविवारी चर्चबाहेर मला बाजूला घेऊन विचारायचे, "मी कसा आहे?" मी सांगायचो, मजेत आहात, काल दोन तरुण घोड्यांना पिटाळून लावलंत. मग दिवसभर त्यांची छाती पुढे असायची.

इथवर सगळं झकास चाललं होतं. घोटाळा केला तो पॅनकेकनी.

अग्निशमन दलाच्या मदतीसाठी गावात दरवर्षी पॅनकेकची न्याहारी होते, तिथे सोडत निघते. यंदाचं बक्षीस होतं एका घोड्याला नाव देण्याचा मान. ही कल्पना माझीच. सोडत लागली क्लीट मेब्री यांना. मेब्रींचं पशुखाद्याचं दुकान आहे, सत्तरीतही त्यांच्या डोक्यावर दाट कुरळे केस आहेत, आणि लग्नाआधी मिसेस स्ट्राऊड त्यांच्यासोबत नाचायला जायच्या. या तिन्ही गोष्टी मिस्टर स्ट्राऊड यांना सारख्याच खुपतात. मेब्रींनी एका पोरसवदा अबलख घोड्याला स्वतःचंच नाव दिलं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ऐन उन्हाळ्यात झऱ्यावर त्या क्लीटने ऑरिनला गाठलं. दोघे मागच्या पायांवर उभे राहिले, धुळीचा लोट उठला, दात, खूर, आयाळ, सगळं एका चौकटीत. आयुष्यात मी काढलेला सर्वोत्तम फोटो. धूळ खाली बसली तेव्हा ऑरिन पार्श्वभागावर चाव्याची खूण घेऊन टेकडीकडे चालला होता, आणि व्हेल्डा शांतपणे क्लीटच्या मागे निघाली होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रविवारी चर्चबाहेर प्रश्न आलाच. मी म्हटलं, मजेत. ते म्हणाले, उन्हाळ्यातला फोटो दाखव. मी घरी जाऊन वसंतातल्याच फोटोंमधला एक काढला आणि ऑगस्टमधला म्हणून नेऊन दिला. मिस्टर स्ट्राऊड यांनी चष्मा लावला. पण त्यांनी घोड्यांकडे पाहिलंच नाही.

"हे गवत कुठलं?" त्यांनी विचारलं.

ऑगस्टमध्ये आमच्या खोऱ्यात हिरवी अशी एकच वस्तू असते, मेब्रींच्या दुकानाचं दार. मी म्हटलं, आहे एका घळीत. ते म्हणाले, मग उद्या सकाळी दाखव, सगळ्या गायी तिकडेच हलवतो. मी म्हटलं, घळ फार लांब आहे. ते म्हणाले, गायींना पाय आहेत.

सकाळी त्यांची गाडी दारात उभी. पुढच्या सीटवर मिसेस स्ट्राऊड, डोक्यावर ठेवणीतली टोपी, ओठांना लाली. "मलाही बघायचंय मी कशी दिसते ते," त्या म्हणाल्या. नसलेल्या घळीकडे जाणारा रस्ता दुर्दैवाने झऱ्यावरूनच जातो. कळप तिथेच होता. व्हेल्डा आणि क्लीट एकमेकांची पाठ खाजवत उभे होते. ऑरिन दूर एका टेकाडावर, आमच्याकडे शेपूट करून.

मिस्टर स्ट्राऊड यांनी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"तो कोण?" त्यांनी विचारलं.

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर फुंकर मारू लागलो. उत्तर मिसेस स्ट्राऊड यांनी दिलं. "क्लीट ना तो? सोडतीतला. केस काय छान आहेत."

हिरव्या गवताचा विषय तिथेच संपला आणि कुंपणाचा पुन्हा निघाला. उद्याच तार बाहेर काढतो, माझ्या झऱ्याचं पाणी त्या मेब्रीला नाही, असं मिस्टर स्ट्राऊड परत येताना सगळ्या वाटेवर सांगत होते. तो मेब्री नाही, घोडा आहे, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, फरक दाखव.

पुढचे दिवस वाईट गेले. मेब्रींकडून खाद्य आणायचं नाही असं ठरलं, म्हणून मिस्टर स्ट्राऊड डोंगरापलीकडच्या गावाला जाऊ लागले. मिसेस स्ट्राऊड मात्र कोंबड्यांचे दाणे मेब्रींकडूनच आणायच्या. त्यांच्या कोंबड्यांची भूक अचानक वाढली होती. नवरा-बायकोचं बोलणं कुत्र्यामार्फत चालू होतं. आणि गोठ्यातली भेंडोळी आता गाडीत येऊन पडली होती.

मी पुन्हा माझी कला बाहेर काढली. मिस्टर स्ट्राऊड यांना म्हटलं, कुंपण घातलंत तर ऑरिनही तहानेने मरेल, आणि गावात लोक काय म्हणतील? क्लीटशी हरला आणि मेला. तो जगला, तर परत लढेल तरी. रानघोड्यांमध्ये असं होतं, गेलेली घोडी परत येते.

हे त्यांना पटलं. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि ते मीच केलं. पण मी तिथे थांबलो नाही. माहिती असली की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटलं, बघा, घोडे आपली हद्द लिदीने दाखवतात. ठरलेल्या जागी प्रत्येक नर येतो, आधीची लीद हुंगतो, वर आपली टाकतो. ज्याचा वास भारी, त्याचा दरारा भारी.

मिस्टर स्ट्राऊड यांनी टोपी मागे सारली. "म्हणजे ढीग जेवढा मोठा, तेवढा मालक मोठा?"

"साधारण तसंच," मी म्हटलं. हे मी म्हणायला नको होतं.

शरद ऋतूत, रानात पिवळी फुलं डवरली असताना, मी झऱ्यावर गेलो तर मिस्टर स्ट्राऊड गाडीतून फावड्याने लीद उतरवत होते. ती त्यांच्या तबेल्यातली होती. तबेल्यात एकच घोडा आहे, मफिन. मफिन म्हातारा आहे, खच्ची आहे, आणि त्याला सशाचीसुद्धा भीती वाटते. पण खायला त्याला भरपूर लागतं. ढीग माझ्या गुडघ्याएवढा झाला होता. मी कायदा आठवून पाहिला. रानघोड्यांना पकडू नये, हाकलू नये, चारू नये, असं त्यात आहे. त्यांच्या लिदीत भर घालू नये, असं कुठेही नाही. कायदा करणाऱ्यांना मिस्टर स्ट्राऊड भेटलेले नसावेत.

बर्फ पडेपर्यंत ढीग कमरेएवढा झाला. त्यातून वाफ निघायची. लांबून वाटायचं, गावात दुसरी बेकरी निघाली.

मग एका सकाळी आम्ही तिघे गाडीत बसून पाहत होतो. मिसेस स्ट्राऊड मुद्दाम मागे बसल्या होत्या. गाडीत लिदीचा असा वास भरला होता की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिस्टर स्ट्राऊड मात्र निवांत कॉफी पीत होते.

क्लीट आला. हिवाळ्याची लोकर चढल्याने आणखी देखणा दिसत होता. ऐटीत ढिगापाशी गेला आणि नाक खुपसलं. आणि थिजला. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं. हा केवढा राक्षस, कुठला, कधी येऊन गेला, असे सगळे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होते. तो दोन पावलं मागे सरला, फुरफुरला, आणि जो उधळला तो थेट डोंगरापलीकडे. बाकीच्या घोड्या त्याच्यामागे पळाल्या. व्हेल्डा पाणी पीत होती. तिने डोकंही वर केलं नाही.

टेकाडावरून ऑरिन उतरला. हळूहळू, एक पाय जरा ओढत. ढिगाला त्याने सावकाश हुंगलं, या बाजूने, त्या बाजूने. मग वळला, शेपूट उचललं, आणि कळसावर कळस चढवावा तशी आपली भर घातली. नंतर जाऊन व्हेल्डाशेजारी पाणी प्यायला लागला.

मिस्टर स्ट्राऊड यांनी कॉफी बाजूला ठेवली. "पाहिलंस?" ते मागे वळून थेट बायकोला म्हणाले, कुत्र्याला मध्ये न घालता. "घाबरला नाही तो."

"त्याला वासच येत नाहीये, ऑरिन," मिसेस स्ट्राऊड नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "तुझ्यासारखंच." पण त्या मागून उतरून पुढे येऊन बसल्या, आणि मला मागे जावं लागलं.

तारेची भेंडोळी मिस्टर स्ट्राऊड यांनी त्याच दिवशी भंगारात दिली. झरा कळपाला खुला राहील, हे त्यांनी मला शब्द देऊन सांगितलं. फक्त एक अट होती. ढीग खचता कामा नये, नाहीतर क्लीट परत येईल आणि मग कुंपणही येईल. त्यांची स्वतःची कंबर आता धरली होती.

त्यामुळे माझ्या चार ऋतूंच्या मालिकेतला हिवाळ्याचा भाग जरा तोकडा आहे. पळालेल्या घोड्या परतल्या आहेत, आणि शनिवारी भल्या सकाळी कळप झऱ्यावर येतो. बर्फ, कोवळं ऊन, घोड्यांच्या श्वासाची वाफ, असा उजेड वर्षात पुन्हा मिळत नाही. आणि तेव्हा माझ्या दोन्ही हातांत फावडं असतं.

गेल्या शनिवारी मिसेस स्ट्राऊड यांना माझी दया आली. तुझ्या मालिकेत तुझाही एक फोटो हवा, असं म्हणून त्यांनी माझा कॅमेरा घेतला. मी फावडं टेकवून, केस सारखे करून, दूर क्षितिजाकडे पाहत उभा राहिलो.

"बाळा," त्या म्हणाल्या, "जरा बाजूला सरक. ढीग दिसत नाहीये."