प्रमाण निरोगी वेणीमाधवशास्त्री

वाराणसीतल्या एका हृदयविकार संशोधन संस्थेला निरोगी माणसांची तीव्र टंचाई जाणवू लागली. आजारी माणसं मुबलक होती. ती न बोलावता येत आणि फाटकाबाहेर रांग लावून उभी राहत. पण आजारी माणूस किती आजारी आहे हे ठरवायचं, तर शेजारी एक धडधाकट माणूस उभा करून तुलना करावी लागते, असा विज्ञानाचा नियम आहे. दिवसाची सुरुवात कचोरी-जिलबीने करणाऱ्या शहरात तसा माणूस सापडेना.

तेव्हा प्रकल्पात नोकरीला असलेल्या शार्दूलला आपल्या काकांची आठवण झाली. वेणीमाधवशास्त्री दुर्गाघाटावर राहत, पहाटे गंगेत स्नान करत आणि मंत्र म्हणत घाटाच्या पायऱ्या चढत. वर पोहोचले तरी मंत्र तुटलेला नसे. संस्थेने त्यांची छाती, रक्त वगैरे तपासलं, तेव्हा प्रकल्पप्रमुख डॉ. अनिमेष यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शास्त्रीजींना ‘निरोगी तुलना गटा’त, डॉक्टरांच्या भाषेत ‘कंट्रोल’ म्हणून, दाखल करून शाल-श्रीफळ देण्यात आलं. गटात आणखी काही जण होते. पण एकाला मधुमेह निघाला, एक मुलाकडे पुण्याला गेला आणि बाकीचे, दरवेळी रक्त काढतात हे कळल्यावर पुन्हा फिरकलेच नाहीत. शास्त्रीजी एकटे उरले. त्यामुळे गटाची सरासरी काढण्याचं काम फार सोपं झालं.

पुढच्या वर्षी शास्त्रीजींना पायऱ्या चढताना दम लागू लागला. मंत्र मध्येच तुटायचा, डावा हात जड व्हायचा. त्यांनी पुतण्याला बोलावून सांगितलं, "सीढ्या चढताना सांस फुलते रे. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं. तुझ्या डॉक्टरांना विचार जरा."

"काका, असं बाहेर बोलू नका," शार्दूल म्हणाला. "तुम्ही कंट्रोल आहात."

"मी कंट्रोलमध्येच आहे. सांस नाहीये."

लीलाकाकू नवऱ्याला घेऊन संस्थेत गेल्या. डॉ. अनिमेष यांनी शास्त्रीजींना वाकून नमस्कार केला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. "शास्त्रीजी, बीमारी दूसरे ग्रुप का विषय है," ते म्हणाले. "आप तो स्वस्थ ग्रुप में हैं." बदली करून घ्यावी, तर आजारी गटाची भरती मार्चअखेर संपली होती. शिवाय निरोगी गटातला माणूस औषध घेऊ लागला तर त्याला निरोगी कसं म्हणायचं, ही सैद्धांतिक अडचण होतीच.

"निदान एकदा तपासून तरी घ्या," काकू काकुळतीने खिडकीतल्या कारकुनाला म्हणाल्या. त्याला मराठी येत नव्हतं. वाक्यातला पहिला शब्द तेवढा कळला आणि तो दुखावला. "माताजी, निदान हम लिखते हैं. आप नहीं."

तक्रार मात्र संस्थेने गांभीर्याने घेतली. निरोगी व्यक्तीला दम लागू शकतो का, या प्रश्नावर उपसमिती नेमण्यात आली. तिचा निष्कर्ष तर्काला धरून होता. शास्त्रीजी निरोगी आहेत हे प्रकल्पाच्या आरंभीच सिद्ध झालेलं आहे. शास्त्रीजींना दम लागतो. सबब दम लागणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. छातीतली कळ आणि पायांवरची सूज यांचीही हीच व्यवस्था लावण्यात आली. हा निष्कर्ष निबंधरूपाने छापून आला, डॉ. अनिमेष परदेशात व्याख्यान देऊन आले आणि शार्दूल नोकरीत कायम झाला. त्याने काकांना पेढे आणून दिले. देताना त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहण्याचं टाळलं. मला या पोराचा मनापासून राग येतो.

शास्त्रीजींचे दर खेपेचे नवे आकडे हेच निरोगीपणाचं प्रमाण ठरल्यावर आजारी गटाची नव्याने छाननी करणं ओघानेच आलं. शास्त्रीजींच्याच गल्लीतले सुमंत बँकेतून निवृत्त झालेले. चार पावलं चालले की भिंतीला टेकत. त्यांचे आकडे शास्त्रीजींच्या आकड्यांजवळ निघाले, म्हणजे सुमंत निरोगी ठरले. त्यांच्या मागोमाग आणखी कितीतरी जण निरोगी ठरून घरी गेले. एकही गोळी न देता शहरातला हृदयविकार निम्म्यावर आला. गल्लीच्या तोंडाशी ‘निरोगी गल्ली’ अशी पाटी लागली. तिच्या अनावरणाला कुणालाच फार वेळ उभं राहवेना, म्हणून आयत्या वेळी खुर्च्या मागवाव्या लागल्या. निरोगी गल्लीत दवाखान्याचं काय काम, अशा विचाराने कोपऱ्यावरचा दवाखाना त्याच आठवड्यात बंद करण्यात आला.

गल्ली खूश होती. पथ्याची बेचव भाजी जाऊन वरणभातावर पुन्हा तूप पडू लागलं होतं. अशात शास्त्रीजी भेटेल त्याला आपण आजारी असल्याचं सांगत सुटले, हे लोकांना बरं वाटेना. सगळ्यांच्या वतीने सुमंत समजूत घालायला आले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही आजारी निघालात तर आम्ही सगळेच आजारी ठरू. इतक्या घरांचा विचार करा. थोडा दम धरा."

"दम धरवत नाही, म्हणून तर सांगतोय."

"तुमचा स्वभावच पहिल्यापासून हट्टी," सुमंत म्हणाले आणि भिंत धरत धरत निघून गेले.

निरोगी म्हणून नवरा वाचत नसेल, तर दुसऱ्याच्या नावाने आजारी म्हणून वाचवायचा, असं लीलाकाकूंनी ठरवलं. दिवंगत दिराचं नाव काशीनाथ. त्या नावाने त्यांनी शास्त्रीजींना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. आयुष्यभर शिष्यांचे उच्चार सुधारण्यात गेलेल्या शास्त्रीजींना स्वतःचं नाव चुकीचं सांगताना घाम फुटला. काकूंना त्याचा आनंद झाला. निदान हा घाम तरी कुणाला दिसेल, असं त्यांना वाटलं.

तिथल्या डॉ. नीरजा मूळच्या नागपूरच्या. मराठी ऐकून त्यांनी दोघांना आधी आत घेतलं, सगळ्या तपासण्या केल्या, आकडे संगणकात घातले आणि त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"अभिनंदन, काशीनाथजी. आमच्याकडे निरोगी माणसाचं जे नवं प्रमाण आलं आहे ना, त्याच्याशी तुमचा एकूण एक आकडा जुळतो. दशांश चिन्हापुढचासुद्धा. असं कधी होत नाही."

"जुळेल नाही तर काय," काकूंचा आवाज चढला. "ते प्रमाण म्हणजे हेच आहेत. हेच ते वेणीमाधवशास्त्री. बघा त्यांच्याकडे. बोलता येत नाहीये त्यांना."

डॉ. नीरजांनी शास्त्रीजींकडे पाहिलं. ओठ निळसर होते. त्यांनी पुन्हा संगणकाकडे पाहिलं.

"मग तर काकू, काही शंकाच उरली नाही," त्या हळूच म्हणाल्या.

गल्लीत रिक्षा शिरत नाही. काकूंनी नवऱ्याला धरून घरापर्यंत आणलं. शास्त्रीजी दाराच्या पायरीवर टेकले. एक मंत्र त्यांनी सुरू केला, तो पुरा झाला नाही. लीलाकाकूंनी फोडलेला हंबरडा घाटापर्यंत ऐकू गेला. पण धावत कुणी आलं नाही, कारण निरोगी गल्लीत धावू शकेल असं कुणी उरलं नव्हतं.

‘निरोगी गटातील एका ज्येष्ठ सदस्याचे उत्तम प्रकृतीत निधन’ असं शोकपत्र संस्थेने काढलं. मृत्यूचा समावेश निरोगीपणाच्या लक्षणांत करावा का, यावर उपसमितीत मतभेद झाले, म्हणून तो मुद्दा पुढे ढकलण्यात आला. शास्त्रीजींचे शेवटचे आकडे मात्र कायमचं प्रमाण म्हणून मंजूर झाले आणि सगळीकडच्या प्रयोगशाळांना रवाना झाले.

तुमच्या तपासणीचा पुढचा रिपोर्ट येईल, तेव्हा तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे. आधी स्वतःचा आकडा पाहाल, मग शेजारी कंसात छापलेली ‘सामान्य’ मर्यादा पाहाल. आपण तिच्यात बसतो आहोत हे दिसताच, ती कुणाच्या छातीवरून घेतली आहे हे न विचारता, रिपोर्टची घडी घालून सुटकेचा श्वास टाकाल. टाकता आला तर.