नागोराव काका आणि इंग्लंडचा कसूर

नागोराव काका नमस्कार करत नाहीत, रामरामही घालत नाहीत. ते तुमचा उजवा हात हातात घेतात, अंगठ्यानं तळव्याचा मधला भाग दाबतात, क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "नऊ." किंवा, "साडेदहा." मग हात सोडून देतात आणि हवापाण्याच्या गोष्टी सुरू करतात. नवख्या माणसाला वाटतं, हा गृहस्थ ज्योतिषी असावा. ज्योतिषी परवडला, तो निदान पुढं बरे दिवस येतील असं तरी सांगतो.

काकांनी आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये तीस-बत्तीस वर्षं कापसाचा ओलावा पाहिला. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि टक्क्यांचा आकडा सांगायचा. आठ म्हणजे पहिल्या दर्जाचा माल. बारापर्यंत चालवून घ्यायचा. बाराच्या वर गेला की गाडी परत. पुढं ओलावा मोजायचं मशीन आलं. पहिल्याच दिवशी मशीन आणि काका यांच्यात अर्ध्या आकड्याचा फरक पडला, तेव्हा काका म्हणाले होते, "नवीन हाये बिचारं. शिकल हळूहळू."

काका निवृत्त झाले, पण त्यांचा हात काही झाला नाही. कापूस सुटला, मग माणसं उरली. घाबरलेल्या माणसाचा तळवा ओला असतो आणि निर्धास्त माणसाचा कोरडा, एवढं साधं त्यांचं शास्त्र. एका सोयरिकीत त्यांनी नवऱ्या मुलाचा हात धरला आणि भर बैठकीत सांगितलं, "तेरा. पोराच्या मनात दुसरं काई हाये, इचारून घ्या." विचारलं, तर खरोखरच निजामाबादची एक मुलगी मनात निघाली. तेव्हापासून बैठकीत काका आले की मुलाकडचे लोक मुलाच्या हातात पानाचं तबक देऊन ठेवतात.

माझं मार्केट यार्डाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. काका येताना दिसले की मी नकळत तळवा पँटला पुसतो. एकदा ते त्यांच्या लक्षात आलं.

"अरविंद, माल भिजवून आनू नये, तसा पुसूनबी आनू नये."

शेजारचा चहावाला राजन्ना मात्र स्वतःहून हात पुढं करतो. "तेमा एंत, काका?" ओलावा किती, असं तो तेलुगूत रोज विचारतो. त्याचा रोज सात निघतो. भट्टीजवळ उभ्या माणसाचा सात निघणारच, पण ते त्याला सांगून त्याचा दिवस कोण खराब करणार.

आता अशा माणसाचा इंग्लंडशी काय संबंध? तर संबंध असा, की रोज सकाळी नऊला काका माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसतात आणि मी मोबाईलवर इंग्लंडची बातमी काढून त्यांना मराठीत सांगायची. गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला ताटकळत उभं असतं आणि मी तिथली महागाई, तिथले बंद पडणारे कारखाने, तिथल्या दवाखान्यांच्या रांगा वाचत असतो. काका गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकतात आणि मग विचारतात, "मंग कसूर कोनाचा?"

काकांचे वडील तहसिलीत चपराशी होते. त्यामुळे घरात भाकरीबरोबर कचेरीतले उर्दू शब्दही आले. बाकावर सकाळची पेशी, म्हणजे सुनावणी, भरते. वाचणारा मी, आरोपीचा वकील राजन्ना, आणि निकाल काकांचा. निकाल लागला की काका मांडीवर हात आपटून म्हणतात, "मुकर्रर." म्हणजे पक्कं झालं. माझ्या खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीवर कसूरवाराचं नाव लिहितात आणि तो कागद माझ्या शटरच्या चौकटीतल्या खिळ्याला टोचून ठेवतात. दिवसाला एकच कसूरवार. दुसऱ्या दिवशी नवी बातमी, नवी पेशी.

तिथल्या पंतप्रधानांची नावं काकांना लक्षात राहत नाहीत. ते इतक्या भराभर बदलले की मलाही राहिली नाहीत. म्हणून काकांनी त्यांची लांब धागा, मध्यम धागा आणि आखूड धागा अशी कापसासारखी वर्गवारी केली. जो जास्त दिवस टिकला तो लांब धागा. एक पंतप्रधान तर खुर्ची गरम व्हायच्या आत गेले, त्यांना काका नुसतं 'सरकी' म्हणतात.

सोमवारी कसूर आत्ताच्या सरकारचा निघतो. मंगळवारी आधीच्या. बुधवारी काका एकदम ब्रेक्झिटवर येतात, म्हणजे त्यांच्या भाषेत 'वाटनी'वर. "भावांतून येगळे निघाले. चूल येगळी केली. आता मीठ सरलं तं मागायची लाज वाटून राह्यली." त्या दिवशी वेगळं व्हायला मत देणारी सगळी जनताच कसूरवार ठरली.

"काका, वो तो पब्लिक है," राजन्ना म्हणाला. "पब्लिकको सजा कैसे देंगे?"

"पब्लिकलेच पयले देऊ," काका म्हणाले. "बटन कोनी दाबलं?"

मी हसलो, पण मला त्या हसण्यात राम वाटत नव्हता. कारण पेशी कशासाठी चालली आहे हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

काकांची रेखा तिथं आहे. एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली, आदिलाबादेतल्या एका दवाखान्यात राबली आणि तीन वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका लहान गावी, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत लागली. गंमत अशी की वाटणीनंतर युरोपातली माणसं तिथून निघून गेली, जागा रिकाम्या पडल्या आणि म्हणूनच आमच्या रेखाला बोलावणं आलं. तिचा कागद आला त्या दिवशी याच बाकावर काकांनी सगळ्या यार्डाला चहा पाजला होता आणि इंग्लंडच्या जनतेच्या शहाणपणावर तासभर बोलले होते. मी कधी त्याची आठवण दिली, की काका म्हणायचे, "तवाची बात येगळी."

तिचा व्हिसा, म्हणजे तिचं तिथं राहणं, त्या संस्थेच्या कागदावर होतं. दिवाळीनंतर संस्थेनं सांगितलं की खर्च झेपत नाही, आम्ही बंद करतो. आता दोन महिन्यांच्या आत दुसऱ्या एखाद्या संस्थेनं कागद दिला तर रेखा राहणार, नाहीतर तिला परत यावं लागणार. आणि तिला यायचं नव्हतं. कामात तिचा जीव रमला होता. कोणाला कोणत्या कपात चहा लागतो, इतकं तिला तिथल्या म्हाताऱ्यांचं ठाऊक होतं. फोनवर ती त्यांच्याविषयीच बोलायची. तर असे दिवस एकेक करून सरत होते, खिळ्यावरचे कागद वाढत होते, आणि काका रोज सकाळी थोडे लवकर यायला लागले होते. साडेआठ, मग आठ. मी शटर उघडायला जायचो तर ते आधीच बाकावर बसलेले असायचे.

चूक माझ्या जिभेची झाली. माझी जीभ नेहमीच माझ्यापुढं दोन पावलं चालते, बायको हे वीस वर्षं सांगते आहे. त्या दिवशी बातमी अशी होती की तिथल्या कुठल्याशा पुढाऱ्यानं सभेत सांगितलं, देशाची ही अवस्था बाहेरून आलेल्या लोकांमुळं झाली. त्यांनीच आपलं सगळं खाल्लं. मी भरभर वाचत गेलो आणि विनोद सुचल्याच्या आनंदात म्हणालो, "घ्या काका, आज शोधायचं कामच नाही. तुमची रेखाच निघाली कसूरवार."

राजन्ना कप विसळत होता, तो थांबला. काकांनी मांडीवर हात आपटला नाही. ते उठले, खिळ्यावरचे सगळे कागद काढून घडी करून खिशात घातले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. राजन्नानं माझा चहा मुकाट्यानं काउंटरवर ठेवायला सुरुवात केली, साखर कमी घालून. मला दुकानात चैन पडेना. रिकाम्या बाकाकडं बघायचं टाळायचं म्हणून मी गिऱ्हाइकांकडं बघायचो, तर त्यांचे हातच दिसायचे. चौथ्या दिवशी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि काकांच्या घरी गेलो.

दार काकूंनी उघडलं. "बरं झालं आला बाबू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चार दिवस झाले, त्याईनं कोनाचा हात धरला नाई. दूधवाला हात पुढं करून उभा होता, तं आत निंगून गेले."

काका पलंगावर बसले होते. शेजारी मोबाईल होता. रेखा तिकडं कामावर जायच्या आधी फोन करते, म्हणजे इकडं दुपारचा दीड वाजतो. सव्वा वाजला होता.

मी माफी मागायला लागलो. काकांनी मला बसायची खूण केली.

"तू मजाक केली. मले मालूम हाये," ते म्हणाले. "तुले एक सांगू? एका सालची बात. यार्डात ढीग भिजला. रातच्याला ताडपत्री टाकाची राह्यली होती. सेठ म्यानेजरवर उखडला. म्यानेजर माह्यावर उखडला. मी मुकादमाले झापलं. मुकादमानं पोशव्वाले धरलं. झाडायले येत होती ती बाई. पोशव्वाच्या खाली कोनी नव्हतं. फकत झाडू होता. तं कसूर तिथंच थांबला. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाई."

"ताडपत्री कोणी टाकायची होती?" मी विचारलं.

"म्यानेजरनं सांगाले पायजे होतं. मले मालूम होतं. पन वरून सुटलं तवा मीबी खालीच ढकललं. कसूर असाच असते, अरविंद. वरून निंगते आन ज्याच्या खाली कोनी नाई त्याच्यापाशी येऊन थांबते. आता तू मले सांग, त्या देशात माह्या पोरीच्या खाली कोन हाये?"

मी पलंगावरच्या मोबाईलकडं पाहिलं.

"म्हनून मी रोज सकाळी एक मोठा मानूस पायत होतो. मंत्री, पंतप्रधान, मोठमोठे लोक. वरच्या वर अडकला पायजे कसूर. खाली येऊ नाई. आन त्या दिवशी तू वाचलं, तं आलाच खाली."

खिळ्यावरचे ते कागद आणि आमचं तीन माणसांचं हसणं डोळ्यांपुढं आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. यार्डापुढच्या एका बाकावर बसून हा म्हातारा सात समुद्रांपलीकडं आपल्या मुलीवर ताडपत्री ओढत होता आणि मी त्याला करमणूक समजत होतो.

दीड वाजता फोन आला. पडद्यावर निळ्या गणवेशातली रेखा. केस ओढून बांधलेले, डोळ्यांखाली काळं. पण हसत होती.

"सगळं ठीक हाय बाबा. काल दुसऱ्या संस्थेत बोलावलं होतं, चांगलं बोलले. सोमवारी कळवतो म्हणाले."

"तिथं कोनी काई म्हनते का तुले?"

तिनं गणवेशाची कॉलर सारखी केली. "एक आजोबा म्हणतात कधी कधी. त्यांचा रेडिओ सकाळपासून तेच सांगतो, मग ते मला ऐकवतात. पण जेवायला मीच लागते त्यांना."

"हात दाखव," काका म्हणाले.

तिला सवय होती. तिनं तळवा कॅमेऱ्यापुढं धरला. सगळा पडदा तळव्यानं भरून गेला. काकांनी त्याच्या मधोमध अंगठा ठेवला आणि डोळे मिटले.

"आठ," ते म्हणाले. "पयल्या दर्जाचा माल."

"तुमचं नेहमी आठच असतं," ती हसून म्हणाली. कामाची वेळ झाली होती. फोन बंद झाला.

काकांनी काचेवरचा अंगठ्याचा ठसा धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"काचेवरून वलावा समजत नाई, अरविंद."

"मला माहीत आहे, काका."

"तिले सोडाले स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटाच्या येळी खिडकीतून हात धरला तिचा. पान्यातून काढल्यावानी होता. चौदा. चौदाच्या खाली नाई. तिनं इचारलं, बाबा किती? मी म्हनलो, आठ." काकांनी मोबाईल पलंगावर पालथा ठेवला. "बत्तीस वर्सं एक आकडा खोटा सांगतला नाई मी. सेठासाठीबी नाई. चौदा म्हनलो असतो तं पोरगी उतरली असती गाडीतून. उतराले तयार होती. आता सांग मले. मंग कसूर कोनाचा?"

पेशीत विचारायचे तसंच त्यांनी विचारलं होतं, पण या वेळी त्यांना निकाल ठाऊक होता आणि तो त्यांनी रोज सकाळी एकेका पंतप्रधानाच्या मागं दडवला होता.

मी पुढं सरकलो आणि त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यांचा हात कोणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. अंगठ्यानं तळव्याचा मधला भाग दाबला, त्यांच्यासारखे डोळे मिटले. तळवा निथळत होता. माझ्या बोटांना पाणी लागलं.

"आठ," मी म्हणालो.

काका माझ्याकडं बघतच राहिले. बत्तीस वर्षं आकडे सांगणाऱ्या माणसाला कोण फसवणार.

"मुकर्रर?" त्यांनी हळूच विचारलं.

"मुकर्रर," मी म्हणालो, आणि हात सोडला नाही.