मेश्रामांची टॉर्च

माणसं भेटली की एकमेकांची खुशाली विचारतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले प्रशांत मेश्राम "जय भीम, आ करा," म्हणतात आणि खिशातून टॉर्च काढतात.

सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये, निदान अकराव्या मजल्यावर तरी, एकाही पोराची त्यांच्या तावडीतून सुटका नाही. लिफ्ट येईपर्यंत जीभ, टाळू, तळहात, सगळं तपासून होतं. माझा ईशान त्यांना पाहिलं की आपणहून तोंड उघडतो आणि नंतर पुटपुटतो, "येस्टरडे ऑल्सो चेक, लाह." सुरुवातीला मला रागच आला होता. माझ्या मुलाच्या तोंडात डोकावणारे हे कोण? पण मेश्राम नागपूरचे. समोरचा चिडला की ते जास्तच गोड होतात. "वहिनी, गेटवर मॅडमनं बघण्याआधी आपण बघितलेलं बरं ना जी."

गेट म्हणजे चाइल्डकेअरचं. तिथे रोज सकाळी मुलांचे हात आणि तोंड बघूनच आत घेतात, कारण हातापायांवर आणि तोंडात फोड येण्याचा तो आजार एकाला झाला की वर्गभर पसरतो. फोड दिसला की मूल घरी. आणि मूल घरी म्हटलं की मेश्रामांची पंचाईत. चार वर्षांच्या लेकीला, मित्राला, ते एकटेच सांभाळतात. तिची आई दोन वर्षांपूर्वी वेगळी होऊन नागपूरला परतली, तिथे कॉलेजात शिकवते. भांडणतंटा नाही, रोज व्हिडिओ कॉल होतो. फक्त संसार उरला नाही.

त्यात भर सबसिडीची. फीचा काही वाटा सरकार उचलतं, पण कधी किती, हे मेश्रामांना आजवर उमगलेलं नाही. चांगी बिझनेस पार्कात बसून बँकेचे हिशेब जुळवणारा हा माणूस चाइल्डकेअरच्या बिलापुढे हात टेकतो. एक मूळ सबसिडी, एक पगार बघून मिळणारी जादा सबसिडी, शिवाय मुलीच्या नावच्या खात्यातून परस्पर जाणारी रक्कम. पगार थोडा वाढला तर सबसिडी किती घटेल, या काळजीने ते बढतीचं पत्रही घाबरत उघडतात. सगळे कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेले, दाराचा मूळ रंग कुठला ते आता कळत नाही. "मोठ्या अक्षरात देतात वहिनी, अन् बारीक अक्षरात काढून घेतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशाच बारीक अक्षरात त्यांना तो नियम सापडला. मूल महिन्यातून निदान एक दिवस हजर हवं, नाहीतर त्या महिन्याची सबसिडी गेली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्याच दिवशी मेश्राम आणि मित्रा गेट उघडायच्या आधी तिथे उभे असतात. "एकदा हजेरी लागली की महिना आपला."

या महिन्यात मात्र ती लागेना. आधी ताप, मग फोड, फोड वाळतात तोवर खोकला. मित्राला मांडीवर घेऊन मेश्राम घरूनच काम करत होते. पूर्ण फी भरावी लागली तर डिसेंबरचं नागपूरचं तिकीट बोंबलणार होतं, आणि पोरगी वर्षभर आईला भेटण्यासाठी दिवस मोजत होती.

"डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे ना? सूट मिळत असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणतात. पण 'असेल'वर तिकीट काढता येते काय?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "वहिनी, तुम्ही बघा. मी सातदा बघितलं, आता मला काहीच दिसत नाही." मी मित्राचं तोंड पाहिलं, हात पाहिले. सगळं स्वच्छ होतं. तरी मेश्रामांचा चेहरा उतरलेलाच, म्हणून मी गेटपर्यंत सोबत गेले.

मॅडमनं तपासलं आणि हसून आत सोडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मित्रानं वळून बाबांना टाटा केला आणि मेश्राम ओरडले, "थांबा!" आत जाऊन त्यांनी तिचा पंजा उघडला. करंगळीच्या बेचक्यात मोहरीएवढा लाल ठिपका होता. तो त्यांनी स्वतः मॅडमना दाखवला.

मित्राला घेऊन परतताना मला राहवेना. "अहो, त्यांनी सोडलं होतं ना? पाच मिनिटं थांबला असतात तर हजेरी लागली असती."

"आत अजून सोळा लेकरं आहेत, वहिनी. त्यातल्या एखाद्याचाही बाप एकटाच असेल."

मला माझीच लाज वाटली.

"बाबा, मम्माकडे गोइंग ऑर नॉट?" लिफ्टमध्ये मित्रानं विचारलं.

"अर्ज करतो ना बेटा. सर्टिफिकेट लावून करतो," मेश्राम तिला म्हणाले, आणि पुढे मजला येईपर्यंत लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले.

दारापाशी कुलूप उघडता उघडता ते थांबले. त्यांनी टॉर्च माझ्यापुढे धरली. "वहिनी, दोन दिवसांपासून गिळताना दुखते. आरशात नीट दिसत नाही. जरा बघता का?"

साऱ्या मजल्याच्या तोंडात डोकावणारा हा माणूस कॉरिडॉरमध्ये डोळे मिटून, मान वर करून उभा राहिला. मला एकदम भरून आलं. याचा घसा बघायला घरात कुणीच नाही, हे इतक्या दिवसांत माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"आ करा," मी म्हटलं. घसा लालभडक होता.

"मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. मऊ भात दाराशी आणून ठेवते. संध्याकाळी पुन्हा बघीन."

त्यांनी टॉर्च परत घेतली नाही. "ठेवा तुमच्याकडेच," ते म्हणाले. "याल ना जी संध्याकाळी?"