हळू चालणाऱ्या संगणकाची उभारणी

मानवजातीने किती प्रगती केली हे तिने मिळवलेल्या सोयींवरून कळतं. ती सुसंस्कृत किती झाली हे मात्र त्यातल्या किती सोयी ती नाकारू शकते यावरूनच ठरतं. या दुसऱ्या कसोटीवर तायचुंग शहरातले लियाव चेंग-फेंग हे अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ होते. जो खेळ आज फोनवर अंगठा टेकवला की सुरू होतो, तो सुरू करायला त्यांनी तीन वर्षं घेतली.

चेंग-फेंग एका विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात होते. (म्हणजे नाकारण्याच्या, पण दारावरच्या पाटीवर 'तपासणी' असं होतं.) घराच्या मागच्या खोलीत त्यांनी सुटे भाग जमवून, आपण शाळेत असतानाच्या काळातला एक संगणक स्वतःच्या हातांनी उभा केला. मदरबोर्ड सोया सॉसच्या बाटल्या भरणाऱ्या एका बंद कारखान्यातून आला. काचेचा अवजड मॉनिटर एका देवळाच्या कार्यालयातून आला. तिथे त्यावर देणगीदारांची नावं इतकी वर्षं झळकत राहिली होती की आता पडद्यावर काहीही लावलं तरी मागे तीन पुण्यवान कुटुंबं पुसटशी दिसत.

यंत्र उभं राहिलं, पण जरा जास्तच वेगवान निघालं. खेळातला नायक डोळ्यांना दिसायच्या आतच मरून पडायचा. मग ते हळू करण्याचं काम हाती घ्यावं लागलं आणि त्यात वादळांचा एक अख्खा हंगाम गेला. अशा यंत्रांवर 'टर्बो' नावाचं बटण असतं. त्याचा मुख्य उपयोग यंत्र हळू करण्यासाठी होतो. ज्यांना याचं हसू येतं त्यांनी कुठल्याही कचेरीतल्या 'जलद सेवा' खिडकीपुढे एकदा उभं राहून पाहावं.

या कार्यात त्यांना मध्य तैवान प्राचीन संगणक संवर्धन मंडळाचा मोठा आधार होता. मंडळाच्या पाहणीनुसार सभासदाचा सत्त्याण्णव टक्के वेळ यंत्र चालू करण्यात जातो आणि दोन टक्के त्याचे फोटो काढण्यात. उरलेल्या एका टक्क्यात खेळ सुरू होतो, आणि तो चालतोय अशी खात्री पटली की समाधानाने बंद केला जातो. (पाहणी करणाऱ्याने सोयीसाठी प्रश्न स्वतःलाच विचारले होते.) मंडळात मतभेद फक्त एका बाबतीत होते. जुन्या संगणकाची खोकी काळाने पिवळी पडतात. ती घासून पांढरी करावीत असं एका गटाचं म्हणणं होतं, आणि पिवळेपणा हाच वारसा आहे असं दुसऱ्याचं. दोन्ही गट आता चहा वेगवेगळ्या दुकानांत पितात.

चेंग-फेंग यांच्या पत्नी श्यू-फेन यांची कसलीही तक्रार नव्हती. शेजारणीला त्या इतकंच म्हणाल्या, "बाहेर एखादी बाई असती तर निदान ती स्वतःच्या घरी राहिली असती."

पण चेंग-फेंग यांनी एवढी खटपट निव्वळ संस्कृतीपायी केली नव्हती. त्यांचा एक दावा प्रलंबित होता.

ते पंधरा वर्षांचे असताना घरात एक संगणक होता आणि 'पांढऱ्या बगळ्याची तलवार' नावाचा एक खेळ होता. चेंग-फेंग यांनी आपला नायक मोठ्या कष्टाने शेवटच्या डोंगरापर्यंत नेऊन ठेवला होता. एक दिवस शाळेतून येऊन पाहतात तो डोंगर गायब, आणि नायक परत पहिल्याच गावात. फ्लॉपीवर जपून ठेवलेल्या डावावर कुणीतरी दुसराच डाव जपून ठेवला होता. संशय थोरल्या बहिणीवर, यी-जुनवर गेला. ती म्हणाली, "मी हातही लावलेला नाही." आरडाओरडा इतका झाला की वडिलांनी संगणक उचलून चुलतभावाकडे देऊन टाकला. फ्लॉप्या तेवढ्या चेंग-फेंग यांनी लपवल्या.

तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं आईमार्फत चाले. यी-जुन पुढे काओश्युंगला एका शाळेची मुख्याध्यापिका झाली, दोघांची लग्नं झाली, वडील गेले, तरी व्यवस्था बदलली नाही. ती इतकी सुरळीत होती की नातेवाइकांना ते शांत कुटुंब वाटे.

या वर्षी कबरी झाडण्याच्या सणाला यी-जुन नेहमीप्रमाणे आली. सकाळी सगळ्यांनी वडिलांच्या कबरीवरचं गवत काढलं आणि दुपारी घरी येऊन पातळ पोळ्यांत भाज्या गुंडाळायला बसले.

"आई, तिला विचार, शेंगदाण्याचं कूट अजून हवंय का."

"आई, त्याला सांग, मला हात आहेत."

आईने कुणालाच काही विचारलं नाही की सांगितलं नाही. ती जेवत होती.

जेवण झाल्यावर चेंग-फेंग घसा साफ करून थेट म्हणाले, "ताई, जरा मागच्या खोलीत ये. पुरावा दाखवायचा आहे." यी-जुनने हात पुसले आणि शाळा तपासायला निघाल्यासारखी ती मागोमाग गेली.

यंत्र घरघरलं, कण्हलं, आणि त्याने फ्लॉपी वाचली. देणगीदारांच्या नावांवर पहिलं गाव उमटलं. खानावळीच्या दारात नायक उभा होता. चेंग-फेंग यांनी त्याची पोतडी उघडली. आत तलवार नव्हती, चिलखत नव्हतं, जादूचा मणी नव्हता. फक्त वाफवलेले पाव होते, नव्व्याण्णव. (खेळात त्याहून जास्त देत नाहीत.)

यी-जुन चष्मा सारून वाकली. "मी मूर्ख वाटते का तुला? तलवार विकून पाव कोण घेईल?"

चेंग-फेंग यांनी पोतडी बंद करून पुन्हा उघडली. दाव्याच्या कागदपत्रांत पाव नव्हते.

"मी घेतले," दारातून आई म्हणाली. तिच्या हातात फळांची ताटली होती. "तुम्ही शाळेत गेलात की मी बसायची. त्या खेळातल्या पोराला तुम्ही दिवसभर नुसतं भांडायला लावायचात. वाटेत त्याला भूक लागली तर? एवढ्या लांबच्या डोंगरावर त्याला खायला देणार कोण होतं?"



"मग सांगितलं का नाहीस?" चेंग-फेंग यांचा आवाज पंधरा वर्षांच्या मुलासारखा फुटला.

"मला विचारलं कुणी? तुम्ही एकमेकांनाच विचारत होता." आईने ताटली कीबोर्डवर ठेवली. "आणि वाटलं, दोन दिवसांत विसराल. मग तुम्ही विसरेनात, आणि मला सांगायची भीती वाटायला लागली. इतकी वर्षं गेल्यावर कसं सांगायचं, की हे पावांवरून झालंय?"

यी-जुन खुर्चीवर बसली. तिने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"तसा चांगला आहे खेळ," आई पुढे म्हणाली. "गेल्या वर्षी मी फोनवर पुरा केला. शेवटचा तो राक्षस आहे ना, तो मुळात नायकाचा—"

"सांगू नकोस," दोघं एकदम म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

खेळ नव्याने सुरू झाला. यी-जुन कीबोर्डवरच्या बाणांनी नायकाला चालवत होती. ती डावीकडे फार जाते, असं चेंग-फेंग यांचं मत होतं आणि ते त्यांनी आईला न सांगता तिलाच सांगितलं. पहिल्या गावाबाहेर पडताच त्यांनी कान टवकारले. "थांब. संगीतातली बासरी जरा चिरकते आहे." त्यांनी वीज बंद करून खोक्याचे स्क्रू काढले आणि आत डोकं घातलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विजेरी धरली. श्यू-फेन येऊन पाहून गेल्या आणि त्यांनी रात्रीच्या भाताला दोन वाट्या तांदूळ जास्त टाकला.

मंडळाने या घटनेची नोंद घेतली आहे. त्याच्या अंदाजानुसार दर घरात असं अबोल्याचं एक तरी जुनं यंत्र उत्तम चालू स्थितीत असतं. त्याला वीज लागत नाही, रोजची झाडपूस मात्र मनापासून होते, आणि ते मूळ कुणी सुरू केलं हे उघडून पाहिलेलं नसतं. चेंग-फेंग यांना निदान तीन वर्षं खपून आपलं उघडावं लागलं. तुम्ही ज्याच्याशी बोलत नाही त्याचा नंबर फोनमध्ये आहे. अंगठा टेकवला की लागतो. पण वाचकही सुसंस्कृत आहेत, हे आम्ही जाणतो.