सहा शिक्क्यांची फटफटी

माहेरी निरोप जाऊन पोचला होता, हीच खरी पंचाईत होती. कुंभिवलीच्या विमलबाईने शेलूला आईला कळवून टाकलं होतं, "धाकलूच्या हळदीला मी फटफटीवर बसून येनार." भावाच्या हळदीला आठ दिवस उरले होते, सगळं शेलू वाट बघत होतं आणि फटफटी मात्र अजून घरात आलेली नव्हती.

तिचा नवरा सहदेव खालापूरच्या भातगिरणीत कारकून होता. दुसरी मोठी लढाई संपून दोन वर्षं झाली होती. भिसेगावचा गजा फिटर गुडघा धरल्यामुळे आपली जुनी फटफटी विकायला काढणार, हे कळल्यापासून सहदेवला झोप नव्हती. पण घरात सुई आणायची तरी चुलते हिरामणकाका यांचा होकार लागे, आणि काका पडले बैलांचे पारखी. आपण जनावर घेण्यात कधी फसलो नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

भिसेगावात काकांनी फटफटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिच्या पाठीवर थाप दिली आणि खाली बसून साखळीच्या चाकाचे दात मोजले.

"दात शाबूत हायत," काका म्हणाले. सहदेवचा जीव भांड्यात पडला. इथेच गप्प बसला असता तर बरं झालं असतं! पण शिकलेला माणूस, गप्प कसा बसेल? त्याने विचारलं, "गजाभाऊ, तपासनीचे कागद हायत का?"

गजाची छाती फुगली. त्याने लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं. मोटारी तपासणाऱ्या साहेबाकडे तो दरसाल फटफटी नेई, आणि साहेब सगळं तपासून पुस्तकात गोल जांभळा शिक्का मारी. असे सहा शिक्के होते. सहदेव हरखून गेला. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"ह्यो सायेब म्हंजे वैद्यच ना?"

"तसंच समजा."

"आनि सा वर्सांत सा येळा न्हेली?"

"एक साल चुकवलं नाय, काका!"

काकांनी सहदेवला बाजूला घेतलं. पण त्यांचा आवाज दोन शेतांपलीकडच्या माणसाला हाक मारण्यासाठी घडलेला, त्यामुळे कुजबूज गजालाही ऐकू गेली. "चल घरी. जिला दरसाल वैद्याकडं न्यावं लागतं ती काय धडधाकट? आपला ढवळ्या बैल कदी गेला काय दवाखान्यात?"

"काका, ती आजारी नव्हती. सायेब नुस्ती परीक्षा घेतो."

"परीक्षा? मंग पयल्या साली पास झाली, तर फुडं पाच येळा कशाला बसवली?"

"दर येळेला पास झाली वो!" गजा कळवळला.

"एकच इयत्ता सा येळा पास व्हनारं पोर मी तरी बघितलं नाय."

खरेपणाने तरी काम होईल म्हणून गजाने चौथं पान काढलं. "चौथ्या साली ब्रेक ढिला निघाला. लगेच नवा घातला. हे बघा, लिवलंय."

"ऐकलंस, सहदेवा? मोडकी व्हती ती बी कबूल केली त्यानं!" काका उठले. जाताना मात्र गजाच्या पाठीवर हात ठेवून मायेने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको रं. तेल चोळत जा तिला."

वाटेत काकांनी दुसरंच काढलं. गावातल्या नागूकडेही एक फटफटी होती. "तिला एक कागद नाय, एक शिक्का नाय. वैद्याचं तोंड बघितलं नाय तिनं!"

"काका, दोन वर्सं ती जागची हललेली नाय. कोंबड्या बसतात तिच्यावर."

"बसू देत. म्हंजे सोभावानं गरीब हाय."

घरी आल्यावर सहदेवने ताट सरकवलं आणि गजाने विश्वासाने दिलेलं पुस्तक बायकोपुढे टाकलं. विमलबाईला रडूच आलं. "आता शेलूत काय तोंड दाखवू मी? कोंबड्यांच्या फटफटीवर बसून जाऊ?" मग डोळे पुसता पुसता तिची नजर त्या जांभळ्या शिक्क्यांवर गेली, आणि तिथून भिंतीवर काचेत लावलेल्या काकांच्या कागदावर. विमलबाई रडायची थांबली.

काका जेवायला बसले तेव्हा तिने भाकरी वाढता वाढता विचारलं, "मामंजी, गुरांच्या प्रदर्शनात सायबानं ढवळ्याला तपासलं, तवा तो आजारी व्हता काय?"

"आजारी? अगं, दुसरा नंबर आला त्याचा!"

"आनि कागदावर गोल शिक्का मारला."

"मारला की! त्यो काय, भितीवर हाय."

विमलबाईने पुस्तक उघडून ताटाशेजारी ठेवलं. "मंग हे जरा मोजा."

यात एक शब्द खोटा नव्हता, बरं का. तिने फक्त मोजायला सांगितलं.

काकांचा घास हातातच राहिला. "सा? वळीनं सा वर्सं? आनि तो येडा गजा असलं जनावर इकतोय?"

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत काकांनी बैलगाडी जोडली. नारळ, गुलाल घेऊन गेले आणि दुपारी गाडीत घालून फटफटी घेऊन आले. काकांना चालवता येत नाही म्हणून गाडीतून आणली, असंच सगळ्यांना वाटलं.

हळदीच्या सकाळी सहदेवने फटफटी अंगणात काढली. विमलबाई नवं लुगडं नेसून तयार. सहदेवने चालू करायला पाय उचलला, तोच काका ओरडले, "लाथ मारतोस? बक्षिसाच्या जनावराला?"

"काका, ती अशीच चालू व्हते."

"चालू करायचीच कशाला? नंबर आल्यापास्नं ढवळ्याच्या मानंवर जू ठेवलंय काय मी? हिला सातवा शिक्का घ्यायचाय. कामाला जुंपली तर अंग उतरंल तिचं!"

आता सहदेवला खरंही सांगता येईना. शिक्के बक्षिसांचे नाहीत म्हणावं, तर फटफटी परत आजारी पडणार आणि संध्याकाळच्या आत भिसेगावला जाणार. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको जमिनीकडे पाहत होती. केलं होतं तिनेच ना! पण विमलबाई काही कच्ची नव्हती.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "जुंपायची नाय. पन वर नुस्तं बसलं तर?"

काकांनी विचार केला. "बसायला काय हरकत हाय? मिरवायलाच तर आनलीय."

उन्हं कलली तेव्हा शेलूच्या वेशीत घुंगरं वाजली. काका बैल हाकत होते. गाडीत चारी बाजूंनी दोर बांधलेली, गुलालाने माखलेली फटफटी उभी होती. सहदेव गाडीमागून चालत, फटफटीचं मागचं चाक धरून घामाघूम झाला होता. आणि फटफटीवर, डोक्यावरचा पदर सावरत, ताठ मानेने विमलबाई बसली होती. वेशीत शिरताच तिने भोंगा दाबला.

आई ओवाळायचं ताट घेऊन धावत आली आणि मागे वळून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बघा गं बायांनो! माझी विमल शब्दाची पक्की! फटफटीवर बसूनच आली!"