कॉम्प्युटरला ट्रकचा रेडिएटर

"सांगून कोणाला पटायचं नाही, पण मी कॉम्प्युटर चालवलाय तो ट्रकच्या रेडिएटरवर!" सासरेबुवांनी जाहीर केलं आणि समोर बसलेल्या व्याह्यांचा कप ओठांपाशीच थबकला.

सासरेबुवांचा सगळा जन्म ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करण्यात गेलेला. निवृत्तीनंतर घरात जे जे तापेल त्यावर त्यांचा डोळा असे. आणि मंगळवारी तापला तो सुनेचा कॉम्प्युटर. दर दोन मिनिटांनी आपोआप बंद! सून इमारतींचे नकाशे काढायची. एका शाळेचा नकाशा बाराच्या आत पाठवला नसता, तर तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती.

"झाकण उघडलं," सासरेबुवा सांगू लागले, "बघतो तर आत आपल्याच धंद्यातली वस्तू! हीटसिंक म्हणतात तिला. पातळ पातळ पात्या, दाटीवाटीनं उभ्या. खालचा प्रोसेसर तापला, की त्याचा ताप या पात्यांनी ओढून घ्यायचा आणि पंख्यानं वारा घालून उडवून लावायचा. रेडिएटरचं धाकटं भावंडच म्हणा ना!"

"मग बिघडलं काय?"

"दोघांच्या मध्ये पेस्ट लागते. धातू कितीही गुळगुळीत दिसू दे, मध्ये बारीक फटी राहतातच. त्या भरल्या तरच ताप वर चढतो. नाहीतर प्रोसेसर जळण्याआधीच मान टाकतो. ती पेस्टच गायब!"

"अहो, पण गेली कुठे?"

"गेली असेल वाफ होऊन," सासरेबुवा घाईघाईनं म्हणाले. "ते सोडा. सूनबाई रडकुंडीला आलेली, अकरा वाजलेले. मी तडक गॅरेज गाठलं, सोळा चाकी ट्रकचा रेडिएटर एकट्यानं खांद्यावर टाकला, टेबलावर चढवला आणि तांब्याच्या पट्टीनं प्रोसेसरला जोडला!"

"चालला?"

"धावला! पाच मिनिटांत कीबोर्डवर दव. माऊस बर्फात रुतला, तो उलथन्यानं सोडवला. सूनबाई स्वेटर घालून नकाशा काढत होती. पावणेबाराला नकाशा रवाना, बारा पाचला उत्तर: पसंत! तरी गारठा हटेना. शेवटी कॉम्प्युटरला रजई पांघरली."

व्याह्यांनी दव गिळलं, बर्फ गिळला, रजईही गिळली. लेकीचं काम झालं, एवढ्यावर ते खूश होते. "धन्य आहे तुमची!" ते म्हणाले.

दारात सून हसू दाबत उभी होती. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, बर्फबिर्फ सगळं मान्य. दुकानातून पेस्टची ट्यूब मी पळत जाऊन आणली, तेही विसरते. पण पेस्टची वाफ झाली म्हणता, तर काल धुवायला टाकलेल्या तुमच्या सदऱ्याच्या खिशात तिनं माखलेलं फडकं कसं निघालं? सोमवारी साफसफाईला झाकण उघडून, मळ समजून तुम्हीच पुसलीत ना?"

सासरेबुवांनी चटकन अंगातल्या सदऱ्याचा खिसा हातानं झाकला.

"आणि म्हणून चार दिवस धड जेवला नाहीत? अहो, काम मिळालं ना मला!"

सासरेबुवांनी मंगळवारपासून कोंडलेला श्वास सोडला. "पुसली खरी, सूनबाई," ते म्हणाले, "पण काय लखलखीत पुसली होती!"